बिलात न येणारे तास

अंथरुणाला खिळलेल्या माणसाला अंघोळ घालून, कपडे बदलून, खुर्चीत नीट बसवेपर्यंत पाऊण तास सहज जातो. चाळीस वर्षांपूर्वीही तेवढाच जात असे. या पाऊण तासाचे पैसे कोणी द्यायचे, किती द्यायचे, आणि सेवा घेणारा, सेवा देणारी व मधली संस्था हे तिघेही दहा वर्षांनी आपापल्या जागी टिकून असतील अशी घडी कशी बसवायची, या प्रश्नाभोवती गेल्या तीस-पस्तीस वर्षांत एक अभ्यासक्षेत्र उभे राहिले आहे. त्यात अर्थशास्त्रज्ञ आहेत, तसे कामगार कायद्याचे जाणकार, परिचारिका, लोकसंख्येचे अभ्यासक आणि नगररचनाकारही आहेत. मराठीत या विषयावर जे लिहिले जाते ते बहुतेक कळवळ्याने: मुले परदेशी, आईवडील एकटे, घर मोठे. कळवळा खोटा नसतो, पण त्याने महिनाअखेरचा पगार होत नाही. म्हणून ही प्रस्तावना वाचकाला हिशेबाच्या दाराने आत नेणार आहे. बेरीज-वजाबाकी आणि थोडा भागाकार येत असेल तर या क्षेत्रात शिरायला आणखी काही लागत नाही.

सुरुवात एका अनपेक्षित ठिकाणाहून करू. विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या दोन अमेरिकी अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ साली रंगभूमी आणि संगीत यांच्या अर्थकारणावर पुस्तक लिहिले. चार वादकांसाठी बांधलेली रचना वाजवायला दोनशे वर्षांपूर्वी चार माणसे आणि जेवढा वेळ लागे, तेवढीच माणसे आणि तेवढाच वेळ आजही लागतो. दरम्यान कारखान्यातला कामगार यंत्रांच्या जोरावर कितीतरी जास्त माल काढू लागला आणि त्याचा पगार वाढला. वादकाचाही पगार मग वाढवावा लागतो, नाही तर वादक मिळत नाहीत. परिणामी मैफल इतर वस्तूंच्या तुलनेत वर्षागणिक महाग होत जाते. याला ‘खर्चाचा आजार’ असे नाव पडले. वृद्धांच्या घरपोच सेवेला हे निदान शब्दशः लागू पडते. पडल्याची सूचना देणारे यंत्र, उचलायला मदत करणारी कप्पी, औषधांची आठवण करणारा फोन यांचा उपयोग आहेच, पण पाऊण तासाची अंघोळ त्याने वीस मिनिटांवर येत नाही. तेव्हा ही सेवा दर वर्षी स्वस्त करून दाखवू असे कोणी म्हणाले, तर तो पैसा कोणाच्या ताटातून काढणार हे आधी विचारावे. बॉमोल यांनी पुढे याचा दिलासाही सांगितला होता: उरलेले सगळे स्वस्त होत असल्यामुळे समाजाला ही महागाई परवडते. मात्र पैसा एका खिशातून दुसऱ्या खिशात आपोआप जात नाही, तो नेण्याची व्यवस्था करावी लागते.

आता प्रत्यक्ष आकडे घेऊ. उदाहरण काल्पनिक आहे, पण त्यातली प्रमाणे ओळखीची वाटतील. एका सेविकेला आठ तासांच्या दिवसाचे ८०० रुपये द्यायचे ठरले. तिची घरे शहरभर विखुरलेली आहेत. पाऊण तासाच्या सहा भेटी म्हणजे साडेचार तास, प्रत्येक भेटीमागे पंचवीस मिनिटे रस्त्यात म्हणजे अडीच तास, आणि उरलेला एक तास नोंदी, फोन व जेवण. मजुरीपुरता एका भेटीचा खर्च झाला १३३ रुपये. तिची रजा, भविष्यनिर्वाह निधी, प्रशिक्षण, तिच्यावर देखरेख करणारी परिचारिका आणि ती आजारी पडली तर जाणारी बदली यांसाठी चाळीस टक्के धरले की भेट १८७ रुपयांवर जाते. आता तीच सेविका, तोच पगार, पण सगळी घरे दोन शेजारच्या सोसायट्यांमध्ये आहेत असे समजा. रस्त्यातला वेळ तासाभरावर येतो, सहाऐवजी आठ भेटी होतात, आणि वरचे चाळीस टक्के धरूनही भेट १४० रुपयांत बसते. कोणाचा पगार कापला नाही, कोणाची अंघोळ घाईत उरकली नाही, तरी खर्च पाव हिश्श्याने उतरला.

तिसरा मार्ग सगळ्यात वापरातला आहे. घरे विखुरलेलीच ठेवायची आणि सेविकेला फक्त ‘कामाचे’ पैसे द्यायचे: ताशी १०० प्रमाणे साडेचार तासांचे ४५०. संस्थेचा ताळेबंद जुळतो आणि अहवालात सेवा ‘स्वयंपूर्ण’ झाल्याची नोंद होते. रोजचे ३५० रुपये मात्र नाहीसे झालेले नसतात. ते सेविकेच्या घरी, तिच्या भाजीत आणि मुलांच्या फीमध्ये कमी पडलेले असतात, आणि सहा महिन्यांत ती काम सोडते. मग नवीन माणूस शोधा, शिकवा, घरोघरी ओळख करून द्या. तो खर्च कुठल्या खात्यावर टाकायचा हे बहुतेक संस्थांना ठाऊक नसते, म्हणून तो दिसतही नाही. या क्षेत्रातली चांगली पुस्तके आणि अहवाल शेवटी या बिलात न येणाऱ्या तासांचाच माग काढतात असे मला वाटते. ब्रिटनमध्ये दोन भेटींमधला प्रवास किमान वेतनाच्या हिशेबात धरावा लागतो. तिथल्या सेवासंस्थांची संघटना, होमकेअर असोसिएशन, दरवर्षी एका तासाचा किमान परवडणारा दर काढून जाहीर करते. २०२५-२६ साठी इंग्लंडपुरता तो ३२ पौंड १४ पेन्स होता. त्या दराची फोड एकदा अवश्य वाचावी. प्रवासाच्या वेळेला तिथे स्वतःची ओळ आहे. बऱ्याच स्थानिक परिषदा प्रत्यक्षात त्याहून कमी देतात, ही गोष्ट निराळी.

आपल्याकडे घरी सेविका पुरवणाऱ्या ब्युरोंनी प्रवासाचा प्रश्न फार पूर्वी, आणि हुशारीने, सोडवून टाकला आहे. त्यांनी प्रवासच काढून टाकला. पुण्या-मुंबईत ब्युरोला फोन केला की विचारतात, डे पाहिजे, नाइट पाहिजे की चोवीस तास? मावशी किंवा मामा एकाच घरी बारा तास बसतात, ब्युरो आपले कमिशन घेते, आणि कायद्याच्या भाषेत आपण केवळ गाठ घालून देणारे आहोत असे सांगून रजा, विमा आणि निधी यांतून मोकळे होते. ही रचना टिकाऊ आहे का? एका अर्थी आहे, कारण ती कित्येक वर्षे चालू आहे. पण तिची किंमत दोन ठिकाणी मोजली जाते. ज्या आजोबांना सकाळी एक तास आणि रात्री अर्धा तास मदत पुरली असती त्यांना बारा तास विकत घ्यावे लागतात, किंवा काहीच घेता येत नाही. दोन्हींच्या मधली दीड तासाची सेवा बाजारात जवळजवळ नाहीच. आणि चोवीस तासांच्या ड्युटीत रात्रीचे तास कोणाच्या नावावर लिहायचे हे कोणी ठरवलेले नसते. आजी रात्री तीनदा उठतात, मावशी तीनदा उठते, आणि पगार मात्र रोजचा ठोक.

हा प्रश्न आपल्यापुरता नाही. न्यूयॉर्क राज्यात चोवीस तासांच्या ड्युटीचे तेरा तासांचे पैसे देण्याची प्रथा आहे: आठ तास झोपेला मिळाले, त्यातले पाच सलग मिळाले आणि तीन तास जेवणाला मिळाले असे धरून. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ती उचलून धरली. त्याआधी २००७ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात एव्हलिन कोक ही घरसेविका हरली होती. घरी जाऊन सोबत करणाऱ्यांना जादा तासांच्या वेतनाच्या कायद्यातून वगळणारा नियम कोर्टाने वैध ठरवला. संस्थांमार्फत काम करणाऱ्यांना तो कायदा लागू व्हायला २०१५ उजाडले. जर्मनीत मात्र जून २०२१ मध्ये संघीय कामगार न्यायालयाने बल्गेरियाहून आलेल्या एका सेविकेच्या बाजूने कौल दिला. करारात आठवड्याचे तीस तास लिहिलेले होते आणि बाई वृद्धेच्या घरी दिवसरात्र राहत होती. हाकेला ओ देण्यासाठी ताटकळत राहण्याच्या वेळेलाही किमान वेतन लागू होते, असे न्यायालय म्हणाले. या तीन निकालांचा एकत्र अभ्यास केला तर घरसेवेच्या अर्थकारणाचे निम्मे शिक्षण होते. न्यायालयांनी तासाची व्याख्या बदलली की एका रात्रीत ‘परवडणारी’ सेवा न परवडणारी होते, म्हणजे मुळात ती परवडत होती कशामुळे, हे उघड होते.

मग पैसा आणायचा कुठून? या प्रश्नावर साहित्य अफाट आहे, पण मुख्य मुद्दा थोडक्यात सांगता येतो. म्हातारपणी कोणाला दहा वर्षे सेवा लागेल आणि कोण चालता-बोलता जाईल हे आधी कळत नाही. जिथे असे असते तिथे विम्यासारखी सामूहिक वर्गणी एकेकट्या बचतीपेक्षा स्वस्त पडते. जर्मनीने १९९५ साली सक्तीचा शुश्रूषा-विमा सुरू केला. सुरुवातीची वर्गणी पगाराच्या १ टक्का होती, २०२५ मध्ये ती ३.६ टक्क्यांवर गेली. (मालकांनी आपल्या हिश्श्याची भरपाई मागितली, तेव्हा नोव्हेंबरमधली प्रायश्चित्ताची धार्मिक सुट्टीच देशभर रद्द करण्यात आली. एका सॅक्सनी राज्याने सुट्टी सोडली नाही, आणि तिथले कामगार आजही वर्गणीचा जास्त वाटा भरतात. वृद्धसेवेसाठी समाज नेमके काय सोडायला तयार आहे याचे इतके मोकळे उत्तर क्वचितच सापडते.) जर्मनीत सेवेऐवजी रोख घेण्याचीही मुभा आहे, पण रोख रक्कम सेवेच्या किमतीच्या निम्म्याहूनही कमी असते. पुष्कळ कुटुंबे तरी रोखच घेतात. त्यात घरातली सून-मुलगी राबते, किंवा पूर्व युरोपातून बाई येते, आणि वर सांगितलेला खटला उभा राहतो.

जपानवर जरा जास्त वेळ थांबणे भाग आहे, कारण दरपत्रक ठरवणाऱ्या कोणालाही त्यातून शिकण्यासारखे आहे. एप्रिल २००० मध्ये तिथे शुश्रूषा-विमा आला. चाळिशी ओलांडलेला प्रत्येक जण वर्गणी भरतो, विमा चालवते ती नगरपालिका, आणि सेवेच्या खर्चातला निम्मा भाग करांतून येतो. पासष्टीनंतरच्यांची सरासरी मासिक वर्गणी सुरुवातीला २,९११ येन होती, २०२४ पासूनच्या तीन वर्षांसाठी ती ६,२२५ येन झाली. सेवेचे दर सरकार ठरवते, दर तीन वर्षांनी फेरविचार करते, आणि त्याआधी संस्थांच्या नफ्या-तोट्याची पाहणी करते. २०२३ मध्ये आलेल्या पाहणीत घरी जाऊन सेवा देणाऱ्या संस्थांचा सरासरी नफा ७.८ टक्के दिसला, सर्व सेवांची सरासरी होती २.४. आकडे पाहून अधिकाऱ्यांनी एप्रिल २०२४ पासून घरसेवेचा मूळ दर कापला. अर्ध्या तासापासून एका तासापर्यंतच्या शारीरिक सेवेला ३९६ गुण मिळत, ते ३८७ झाले. गुण म्हणजे साधारण दहा येन. कपात अडीच टक्क्यांच्या आतली.

आता त्या ७.८ मध्ये कोण होते ते बघा. वृद्धांसाठी बांधलेल्या इमारतींच्या तळमजल्यावर कार्यालय थाटून वरच्या मजल्यांवर सेवा देणाऱ्या कंपन्या होत्या. त्यांच्या सेविकांचा प्रवास म्हणजे लिफ्ट. आणि त्याच सरासरीत डोंगराळ गावात एका घरून दुसऱ्या घरी मोटार चालवत जाणाऱ्या चार बायकांची संस्थाही होती. सरासरीने दोघींना एकच दर लावला. पगारवाढीसाठी वेगळे अनुदान दिले आहे, ते घ्या, असे मंत्रालयाचे म्हणणे होते आणि ते खोटे नव्हते. पण त्या अनुदानाची कागदपत्रे भरायला जो कारकून लागतो तो छोट्या संस्थेकडे नसतो. २०२४ या एका वर्षात घरसेवेच्या ८१ संस्थांनी दिवाळे काढले, तोवरचा तो उच्चांक होता. कपात हे एकमेव कारण नव्हते. माणसे मिळत नव्हती, पेट्रोल महागले होते. तरी दर ठरवताना रस्ता मोजला नाही तर काय होते याचे इतके स्वच्छ उदाहरण मला दुसरे माहीत नाही.

नेदरलँड्समधल्या ‘ब्युर्टझॉर्ख’ या घरपोच शुश्रूषेच्या संस्थेचा उल्लेख या क्षेत्रात सगळीकडे आढळेल, इतका की कधी कधी कंटाळा येतो. योस द ब्लोक या परिचारकाने २००६-०७ च्या सुमारास ती सुरू केली. बाराएक परिचारिकांचा एक गट एक मोहल्ला सांभाळतो, वेळापत्रक स्वतः ठरवतो, वर साहेब नाही, आणि मुख्य कार्यालय अगदी लहान. कौतुक बहुधा ‘साहेब नाही’ याचेच होते. मला त्यातला मोहल्ला अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण त्याने रस्ता वाचतो.

भारतात पैसा येण्याच्या वाटा मोजक्या आहेत. २०११ च्या जनगणनेत साठीपुढचे १० कोटी ३८ लाख लोक होते, त्यांतले महाराष्ट्रात सुमारे १ कोटी ११ लाख. ‘आयुष्मान भारत’ योजनेत ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीपुढच्या सर्वांना, उत्पन्न न पाहता, पाच लाखांपर्यंतचे संरक्षण मिळाले, पण ते रुग्णालयात भरती झाल्यावर. न्हाणीघरात पडून खुब्याचे हाड मोडले तर शस्त्रक्रियेचा खर्च निघतो. न पडावे म्हणून रोज हात धरणारीचा निघत नाही. खासगी आरोग्य विम्याचाही रोख तोच. घर गहाण ठेवून दरमहा रक्कम घेण्याची उलट्या कर्जाची योजना २००७ पासून आहे, पण वास्तू मुलांना जायची हा विचार आपल्याकडे व्याजदरापेक्षा भारी पडतो. श्रावणबाळ योजनेचे महिन्याला १,५०० रुपये मिळतात. वरच्या हिशेबातल्या सोसायटीच्या दराने ते दहा भेटींना पुरतील, तेही त्या माणसाने महिनाभर जेवायचे नाही असे ठरवले तर.

केरळने वेगळी वाट धरली. कोळिकोडमध्ये १९९३ साली डॉ. एम. आर. राजगोपाल आणि डॉ. सुरेश कुमार यांच्या पुढाकाराने वेदनाशमनाचे काम सुरू झाले, मलप्पुरम जिल्ह्यात ते शेजाऱ्यांच्या जाळ्यात रूपांतरित झाले. पैसा मुख्यतः छोट्या स्थानिक वर्गण्यांचा, माणसे गावातलीच. २००८ मध्ये राज्याने धोरण आखले आणि ग्रामपंचायती आपल्या निधीतून परिचारिका व गाडी पाठवू लागल्या. अभ्यासकांनी याची जितकी स्तुती केली आहे तितकी ती योग्यच आहे. पण हिशेबाची वही उघडी ठेवून वाचावे. परिचारिका महिन्यातून एक-दोनदा येते, जखम धुते, नळी बदलते. मधल्या दिवसांची अंघोळ, जेवण, कूस बदलणे घरातली बाई करते. पंचायतीचा खर्च कमी दिसतो त्यात तिचा वाटा मोठा आहे, आणि ती नोकरीला दुबईला किंवा बंगळुरूला गेली की तो खर्च प्रकट होतो.

महाराष्ट्रात या कामासाठी नमुना शोधायचा तर मी वृद्धसेवेच्या बाहेर बघेन. सहकार म्हटले की आपल्याला साखर कारखाना आणि दूध संघ आठवतो. पुण्यात मात्र कचरावेचक बायकांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था आहे. १९९३ मध्ये स्थापन झालेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीतून ती निघाली आणि २००८ मध्ये तिचा महापालिकेशी करार झाला. दोघीदोघींना ठरलेल्या वस्त्या, प्रत्येक घराकडून दरमहा ठरलेले शुल्क थेट त्यांच्या हातात, आणि व्यवस्थापनाचा व साधनांचा भार पालिकेवर. कचरा रोज प्रत्येक घरी होतो, म्हातारपण तसे नसते, हा फरक मोठा आहे. तरीही वस्ती नेमून देणे, मालकी कष्टकऱ्यांकडे ठेवणे आणि वरखर्च सार्वजनिक पैशातून भागवणे हे तीन दुवे तसेच उचलता येतील. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात १९८५ पासून घरसेविकांची कामगार-मालकीची सहकारी संस्था चालते आहे, तेव्हा कल्पना अगदीच हवेतली नाही. शहरातला एखादा ज्येष्ठ नागरिक संघ आपल्या प्रभागातली मागणी एकत्र करून अशा गटाला महिन्याचा ठोक करार देऊ शकेल. संघांकडे आज सहली आणि व्याख्यानमालांची यादी असते, सभासदांपैकी कोणाला सकाळी मदत लागते याची यादी नसते. ती करायला फारसा खर्च नाही.

नव्याने येणाऱ्या अभ्यासकासाठी कच्चा माल जवळच आहे. देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये पंचेचाळिशीपुढच्या ७२ हजारांहून अधिक लोकांची पाहणी केली. अंघोळ, कपडे, शौच, जेवण यांपैकी कशाकशाला मदत लागते हे तिच्यात विचारले आहे. त्या उत्तरांवरून मागणीचे तास काढता येतात. पुरवठ्याच्या बाजूला ब्युरोंच्या वह्या आहेत, आणि मावश्यांशी केलेल्या निवांत गप्पा. त्यांना किती मिळते हे विचाराच, पण घरून किती वाजता निघता आणि किती वाजता परतता हे आधी विचारा.

एक कोडे मात्र या सगळ्या साहित्याला पुरून उरते. रत्नागिरी-सिंधुदुर्गात म्हाताऱ्यांचे प्रमाण राज्याच्या सरासरीहून बरेच वर आहे, मुलगे मुंबईत आहेत, आणि एक वाडी डोंगराच्या अलीकडे तर दुसरी पलीकडे. तिथे सोसायटीची दाटी आणता येणार नाही. आशा सेविकेवर हे काम सोपवा अशी सूचना लगेच पुढे येते, पण तिचाही बराचसा मोबदला कामागणिक आहे आणि तिची वाट त्यात धरलेली नाही. अशा ठिकाणी भेटीचा दर लावूच नये, सेविकेला पंचक्रोशीचा पूर्ण पगार द्यावा आणि भेटी शून्य झाल्या तरी तो चालू ठेवावा, अशा मताचा मी आहे. त्याचा बोजा ग्रामपंचायत, जिल्हा परिषद आणि मुंबईतली गावकरी मंडळे यांत कसा वाटायचा, याचे पहिले कोष्टक एखाद्या तालुक्यापुरते मांडता येईल. त्यासाठी वाड्यांचा नकाशा, मदत लागणाऱ्यांची घरे आणि पावसाळ्यात बंद होणाऱ्या पायवाटा एवढी माहिती सुरुवातीला पुरेशी आहे.